तिसरी काडी, सहावी काडी

पावसाळा तोंडावर आला की आरोग्य खात्याची माणसं विहिरींत, हौदांत, बांधकामाच्या डबक्यांत गप्पी मासे सोडतात. डासांच्या अळ्या खाणारा हा इवलासा मासा महाराष्ट्रात बहुतेकांच्या ओळखीचा आहे. त्याचा सांगाडा मात्र फार थोड्यांनी पाहिला असेल. मी तो पुन्हापुन्हा पाहत आलो आहे. मेलेला मासा फॉर्मालिनमध्ये मुरवायचा, पोटॅशच्या सौम्य द्रावणात मांस पारदर्शक होईपर्यंत ठेवायचा, अलिझारिन रेडमध्ये हाडं रंगवायची आणि शेवटी ग्लिसरीनमध्ये सोडायचा. हे काम सावकाशीचं आहे, घाई केली की मासा विरघळतो. नीट जमलं तर बशीत एक काचेचा मासा उरतो आणि त्याच्या आत डाळिंबी रंगाचं एकेक हाड, केसाएवढं बारीकसुद्धा, स्वच्छ मोजता येतं.

अशी मादी आणि असा नर शेजारी ठेवले की पोटामागच्या परापाशी नजर अडते. या पराला गुदपर म्हणतात. मादीत तो छत्रीच्या तुकड्यासारखा असतो: मधे पातळ कातडं आणि त्याला ताणून धरणाऱ्या हाडांच्या काड्या. नरात तिसरी, चौथी आणि पाचवी काडी लांब होऊन एकमेकींना बिलगते, त्यांची एक दांडी बनते आणि दांडीच्या टोकाला भिंगाखालीच दिसतील असे आकडे असतात. ही दांडी म्हणजे गोनोपोडियम. गप्पी अंडी घालत नाही, पिल्लं देतो, आणि मादीच्या शरीरात शुक्राणू पोचवण्याचं काम ही दांडी करते. फरक परापाशी थांबत नाही. दांडीला आधार देणारी आतली हाडं जाड झालेली असतात, मणक्यांखालचे काही काटे लांबून पुढे कललेले असतात. गप्पीच्या नात्यातल्या गॅम्बुशियात हे काटे 14, 15 आणि 16 क्रमांकाच्या मणक्यांचे असतात. जन्मलेल्या पिल्लांत यातलं काही नसतं. नर आणि मादी तेव्हा परावरून ओळखता येत नाहीत.

एकाच जातीच्या दोन सांगाड्यांत एवढा फरक येतो कुठून? याचं उत्तर वर्गात, पाठ्यपुस्तकांत आणि विज्ञानावरच्या लेखांत जवळपास एकच मिळतं. जनुक ठरवतं की वृषण व्हायचं की अंडाशय. वृषण झालं तर मासा वयात येताना ते टेस्टोस्टेरॉन सोडतं. ते रक्तातून हाडांपर्यंत जातं आणि हाडं नराची होतात. अंडाशय झालं तर हाडं मूळची होती तशीच राहतात, तो मादीचा सांगाडा. थोडक्यात, मादी हा आराखडा आणि नर ही त्यावरची भर, आणि भर घालणारा एकटा संप्रेरक. हे मत मला मान्य नाही. त्याच्या पुराव्यांवर माझा पूर्ण विश्वास आहे. त्या पुराव्यांतून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा आहे, आणि तो चुकीचा राहिल्यामुळे या विषयातली सगळ्यांत सुंदर गोष्ट आपण विद्यार्थ्यांना सांगतच नाही.

आधी पूर्वपक्षाला त्याचं पूर्ण माप द्यायला हवं. 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सी. एल. टर्नर यांनी गॅम्बुशियावर प्रयोग केले. माद्यांच्या टाकीतल्या पाण्यात त्यांनी कृत्रिम नर-संप्रेरक मिसळलं, आणि पोटात अंडाशय असलेल्या त्या माद्यांच्या परातून गोनोपोडियम उगवलं. त्याच सुमारास क्लिफर्ड ग्रोबस्टीन यांनी या कुळातल्या प्लॅटी माशावर अशाच दिशेचं काम केलं. 1953 मध्ये जपानच्या तोकिओ यामामोतो यांनी मेडाका माशाला पिल्लूपणी संप्रेरकं खाऊ घालून जनुकाने नर असलेल्याला कार्यक्षम मादी करून दाखवलं. 1960 मध्ये कॅनडात आयडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामनच्या रक्तातून 11-कीटोटेस्टोस्टेरॉन वेगळं काढलं, आणि माशांतलं मुख्य नर-संप्रेरक कोणतं हेही कळलं. उलट बाजूचा पुरावाही आहे. संप्रेरकाची वाट अडवणारं फ्लुटामाइड दिलं की गोनोपोडियमची वाढ खुंटते.

न्यायशास्त्राच्या भाषेत हा अन्वय-व्यतिरेक झाला. कारण असेल तिथे कार्य, कारण नसेल तिथे कार्य नाही. इतका स्वच्छ पुरावा जीवशास्त्रात वारंवार मिळत नाही, आणि म्हणूनच हे मत ऐंशी वर्षं टिकलं. पण अन्वय-व्यतिरेकाने कारण सिद्ध होतं, तेच एकमेव कारण आहे हे सिद्ध होत नाही. कुंभाराचा हात चाकावर असला तर माठ होतो, नसला तर होत नाही. म्हणून माठाचं माठपण हाताने एकट्याने आणलं असं आपण म्हणत नाही, कारण तोच हात वाळूला लावला तर काहीच घडत नाही. हात हे निमित्तकारण आणि माती हे उपादानकारण, हा भेद आपल्या परंपरेत शाळकरी पोरालाही समजावून सांगत. माशांच्या सांगाड्याच्या बाबतीत आपण नेमका हा भेद विसरलो आहोत. संप्रेरक निमित्त आहे. माती कुठे आहे, कशी आहे आणि तिला कधी हात लागतो, हे बाकीचं सगळं शास्त्र आहे.

टर्नर यांच्याच मादीकडे पुन्हा पाहू. संप्रेरक पाण्यात होतं, म्हणजे ते कल्ल्यांतून रक्तात आणि रक्तातून अंगभर गेलं. पाठीवरच्या परातही गेलं, शेपटीतही गेलं. गुदपरात सहावी, सातवी, आठवी काडी पाचवीच्या अगदी खेटून आहे, तिथेही तेच रक्त. तरी दांडी झाली ती तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या काडीची. सगळ्यांना सारखी हाक गेली आणि तिघींनीच ओ दिली. मग नराची दांडी कुठे होणार हे संप्रेरकाने ठरवलं असं कसं म्हणायचं? ते ठरलेलं होतं, आणि मादीच्या शरीरातही ठरलेलं होतं. तिला आयुष्यात कधी दांडी लागणार नव्हती, तरी तिच्या तीन काड्या ते ज्ञान बाळगून होत्या.

हेच संप्रेरक मेडाकात काय करतं ते पाहा. जपानच्या भातखाचरांतला हा मासा, याच्याही नराचा गुदपर वेगळा असतो, पण इथे फरक मागच्या बाजूच्या काड्यांत दिसतो. त्यांच्यावर बारीक हाडाळ उंचवटे फुटतात आणि अंडी पडताना नर मादीला त्या परात धरून ठेवतो. 2014 मध्ये युकिको ओगिनो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की इथे संप्रेरकाचं काम पुढे बीएमपी-7 आणि लेफ-1 या जनुकांमार्फत होतं. आता स्वोर्डटेल घ्या, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. त्याच्या नराच्या शेपटीच्या खालच्या काड्या लांबून तलवार होते. गप्पीत पुढच्या तीन काड्या, मेडाकात मागच्या काड्या, स्वोर्डटेलमध्ये गोनोपोडियमशिवाय शेपटीची खालची कडसुद्धा. रेणू तोच, हाडं वेगळी.

आणि या मुद्द्यावर माझ्या मते निर्णायक असा साक्षीदार प्लॅटी आहे. प्लॅटी आणि स्वोर्डटेल एकाच प्रजातीतले, झिफोफोरसमधले, इतके जवळचे की त्यांचा संकर होतो. प्लॅटीच्या नराच्या अंगात नर-संप्रेरकाची काही उणीव नाही, त्याचं गोनोपोडियम तंतोतंत होतं. पण तलवार नाही. एकाच शरीरात, एकाच वेळी, एकाच रक्ताने गुदपराला दांडी दिली आणि शेपटीला काही दिलं नाही. 2021 मध्ये मानफ्रेड शार्ट्ल यांच्या गटाने तलवारीमागचा एक महत्त्वाचा दुवा शोधला: पोटॅशिअमची ये-जा सांभाळणाऱ्या वाहिनीचं एक जनुक, केसीएनएच-8, जे स्वोर्डटेलच्या नरात शेपटीच्या त्या कडेला जोमाने चालतं. फरक तिथल्या पेशींत आहे. तर्कशास्त्रात याला अतिव्याप्ती म्हणतात. ‘नर-संप्रेरक मिळालं की नराचं हाड होतं’ हा नियम जिथे कार्य नाही तिथेही लागू पडतो, म्हणजे तो नियम नव्हे.

‘संप्रेरकाने हाड वाढतं’ हे या मताचं बोलण्यातलं रूप. तेही टिकत नाही. गप्पीचा नर जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा, मादी त्याच्या जवळपास दुप्पट होऊ शकते. गोनोपोडियम पुरं झालं की नराची वाढ जवळजवळ थांबते, मादी मात्र वाढतच राहते. म्हणजे ज्या काळात तीन काड्यांना लांब होण्याचा संदेश मिळत असतो, त्याच काळाच्या शेवटी बाकीच्या सांगाड्याला थांबण्याचा संदेश मिळतो. तिलापियात याच्या उलट, नर मोठा होतो, आणि म्हणून मत्स्यशेतीत सगळे नर असलेला साठा लोक मागतात. खुद्द टर्नर यांनाही मात्रेचा असाच अनुभव आला. जास्त मात्रा दिली की टोकाची घडण लवकर उरकायची आणि दांडी आखूड राहायची. वाढ आणि घडण ही दोन वेगळी कामं आहेत आणि एकच संप्रेरक एकाला पुढे ढकलताना दुसऱ्याला आवरतं. झेब्राफिशमध्ये तर 2011 साली केनेथ पॉस यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की तुटलेला पर पुन्हा उगवण्याची या माशाची प्रसिद्ध ताकद नराच्या छातीच्या परात अडखळते, आणि तिला अडवणारं नर-संप्रेरकच असतं.

मग संप्रेरक नेमकं करतं काय? याचं उत्तर शोधायला प्रयोगशाळेत जायलाच हवं असं नाही, बाजारात गेलं तरी सुरुवात होते. कोकणात आणि मुंबईत मुशी सगळ्यांना ठाऊक आहे. टोपलीतली मुशी उताणी करा. मागच्या जोडपरांच्या आतल्या बाजूला बोटासारखे दोन अवयव लोंबत असतील तर तो नर. यांना क्लास्पर म्हणतात, आणि मुशीचा सगळा सांगाडाच कूर्चेचा असल्याने हेही कूर्चेचेच. मोठ्या नराचा क्लास्पर दाबून पाहिला तर तो ताठ आणि टणक लागतो, कारण त्यात चुना बसलेला असतो. मासे अभ्यासणारे लोक शार्क जातीचा नर प्रजननाला आला की नाही हे याच टणकपणावरून ठरवतात. आता गाभण मुशीच्या पोटातली पिल्लं पाहा. मुशी पिल्लं देणारी आहे, कधी कधी कापताना ती बाहेर येतात. बोटभर पिल्लातही नर ओळखू येतो. दोन मऊ, लहान कोंब आधीच तिथे असतात.

आकार आईच्या पोटात घडला, टणकपणा वयात आल्यावर आला. मधे बराच काळ गेला. ‘वयात येताना नराचा सांगाडा घडतो’ हे वाक्य या बोटभर पिल्लापाशीच खोटं ठरतं.

मुशीच्या नात्यातल्या स्केट या चपट्या माशाच्या भ्रूणांवर मार्टिन कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये फार देखणं काम प्रसिद्ध केलं. मागचा पर फुटतो तेव्हा त्यात सॉनिक हेजहॉग हे जनुक चालू होतं. हे जनुक काही नराचं म्हणून वेगळं नाही. आपल्या हाताला पाच बोटं कुठे आणि कशी यावीत हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. स्केटच्या नर आणि मादी भ्रूणांत ते सारखंच सुरू होतं. मादीत ते लवकर मावळतं. नरात ते अधिक काळ चालू राहतं, आणि त्या वाढीव काळात क्लास्पर घडतो. तो काळ लांबवतो नर-संप्रेरकाचा ग्राही. आता गोनोपोडियमकडे वळा. ओगिनो, काटो आणि यामादा यांनी 2004 मध्ये दाखवलं की संप्रेरक दिलेल्या गुदपराच्या काड्यांच्या टोकाशी हेच सॉनिक हेजहॉग जागं होतं, आणि त्याचं काम अडवलं की काड्या लांबत नाहीत. कूर्चेचा मासा आणि हाडाचा मासा यांच्या वाटा चाळीस कोटी वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या, एकाचा अवयव मागच्या जोडपरातून आलेला, दुसऱ्याचा गुदपरातून. तरी दोन्हीकडे संप्रेरकाने नवं काही लिहिलेलं नाही. पर करायची जी जुनी कृती दोन्ही लिंगांच्या अंगी होती, तीच एका जागी अधिक काळ चालवली किंवा पुन्हा सुरू केली.

इथे पूर्वपक्ष म्हणेल, बरं, काळ पुढे-मागे झाला, पण संप्रेरक तर आहेच ना? आहे. स्केटच्या भ्रूणातही आहे. माझा आक्षेप संप्रेरक असण्याला नाही. ‘जनुक, ग्रंथी, संप्रेरक, हाड’ अशी एका ओळीत उतरणारी शिडी आणि तिची एकच वेळ, याला आहे.

वेळेबद्दल अजून एक साक्ष काढतो, कारण ती खोल समुद्रातून आली आहे आणि तिचा इतिहास विलक्षण आहे. 1922 मध्ये आइसलंडचे ब्यार्नी सेमुंडसन यांना एका मोठ्या अँगलर माशाच्या पोटाला चिकटलेले दोन बारके मासे दिसले. त्यांना ती पिल्लं वाटली. 1925 मध्ये लंडनच्या चार्ल्स टेट रीगन यांनी ओळखलं की ते त्या जातीचे नर आहेत, मादीच्या अंगाला कायमचे जुळलेले. मादीच्या मुस्कटावर एक गळ असतो, पाठीच्या पराची पहिली काडी पुढे सरकून झालेला. नराला असा गळ नसतो. हा फरक केव्हा येतो? डेन्मार्कचे एरिक बेर्टेलसेन यांनी जहाजांनी जगभरातून गोळा केलेली अँगलरची पिल्लं तपासली आणि 1951 मध्ये सांगितलं की काही मिलिमीटरच्या डिंभातच मादीच्या डोक्यावर त्या गळाचा इवलासा कोंब बाहेर आलेला असतो, नराच्या डोक्यावर नसतो. प्रजननाचं वय यायला अजून अवकाश आहे, मासा पाण्याच्या वरच्या थरात तरंगतो आहे, आणि सांगाड्याचं लिंग दिसायला लागलेलं आहे. शिवाय इथे भर पडली आहे ती मादीत.

या शेवटच्या गोष्टीवर मला जोर द्यायचा आहे. ‘मादी म्हणजे मूळ आराखडा’ हे वाक्य इतक्या सहज बोललं जातं की त्याला पुरावा मागायचं कुणाच्या मनात येत नाही. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर मेडाकाच्या कुळातले काही मासे आहेत, त्यांतल्या ओरिझियास एवर्सीचं वर्णन 2012 मध्ये झालं. याची मादी फलित अंड्यांचा घोस पोटाखाली वागवत फिरते, पिल्लं बाहेर येईपर्यंत. त्यासाठी तिचे पोटाचे जोडपर नरापेक्षा लांब असतात, तिथल्या बरगड्या आखूड असतात आणि पोटाला खालून एक खळगा असतो, ज्यात घोस बसतो. नराच्या बरगड्या नेहमीसारख्या. मूळ आराखडा कुणाकडे आहे इथे? स्कॉटलंडमध्ये सापडणाऱ्या मायक्रोब्रेकियस या साडेअडतीस कोटी वर्षांपूर्वीच्या चिलखती माशातही असंच दिसतं. जॉन लाँग आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं की त्याच्या नराला हाडाचे वाकडे क्लास्पर होते, आणि मादीला ते अडकवून धरणाऱ्या हाडाच्या लहान पट्ट्यांची जोडी. नर आणि मादीच्या हाडांतला हा आपल्याला माहीत असलेल्या सर्वांत जुन्या फरकांपैकी एक, आणि त्यात दोघांचीही हाडं खास बनलेली आहेत.

साध्या हाडमाशातली मादीसुद्धा नुसती ‘संप्रेरक न मिळालेली’ नसते. अंड्यांत भरायचं बलकाचं प्रथिन यकृतात बनतं ते इस्ट्रोजेनच्या सांगण्यावरून, आणि ते कॅल्शिअम सोबत घेऊन फिरतं. ते कॅल्शिअम काही अंशी तिच्या खवल्यांतून काढलं जातं. मादीचा सांगाडा प्रजननाच्या दिवसांत स्वतःला खर्चून अंडी भरत असतो. त्याला ‘काहीच न घडलेला’ म्हणणं हे निरीक्षण नव्हे, डोळेझाक आहे. ही डोळेझाक आली कुठून याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्या मते तिचं एक कारण अगदी व्यावहारिक आहे. नर-संप्रेरक बाटलीतून टाकीत ओतता येतं. काडीची जागा ठरवणारी पेशींची स्मृती बाटलीत भरता येत नाही, निदान 1940 मध्ये येत नव्हती. जे ओतता आलं ते कारण ठरलं, जे ओतता आलं नाही ते पार्श्वभूमी ठरलं.

आता सामनकडे येतो. पूर्वपक्षाचं सगळ्यांत आवडतं उदाहरण तेच आहे आणि मला ते उलट्या बाजूचं सगळ्यांत बलवान उदाहरण वाटतं. अटलांटिक सामनचा नर अंड्यांच्या हंगामात नदीत चढतो तेव्हा त्याच्या खालच्या जबड्याच्या टोकाला वर वळलेला मोठा आकडा येतो. डार्विनने 1871 च्या ‘डिसेंट ऑफ मॅन’मध्ये अशा नराचं आणि मादीचं डोकं चित्रांनी दाखवलं आहे. एकहार्ट विटन आणि ब्रायन हॉल यांनी 2002-2003 च्या सुमारास या आकड्याचे सूक्ष्म छेद घेतले. मासा त्या दिवसांत खात नाही, उपाशीपोटी प्रवाहाविरुद्ध पोहत असतो, आणि तरी जबड्याच्या टोकाला हाडाच्या सुयांसारख्या काड्या संयोजी ऊतकात झपाट्याने घुसत असतात. शक्य तितक्या घाईने उभारलेलं, सच्छिद्र असं हे हाड आहे. घराचं पक्कं बांधकाम आणि लग्नाचा मांडव यांत जो फरक, तो इथे दिसतो. आणि मांडव जसा उतरवतात तसाच हाही उतरतो. जे नर हंगामानंतर जिवंत राहून समुद्राकडे परततात त्यांच्यात अस्थिभक्षक पेशी या हाडाचा बराच भाग झिजवतात. थोडा भाग घट्ट हाडात रूपांतरित होऊन जबड्यात राहतो. पुढच्या हंगामात त्यावर पुन्हा उभारणी.

सांगाड्याचं लिंग एकदा ठरलं की ठरलं, ही समजूत या जबड्यापुढे टिकत नाही. इथे हाड बांधणं आणि हाड मोडणं दोन्ही नराचंच वैशिष्ट्य आहे.

पण खरी साक्ष सामनच्या लहान नराची आहे. 1830 च्या दशकात स्कॉटलंडमधल्या ड्रमलॅनरिगला जॉन शॉ यांनी सिद्ध केलं की नदीतले ‘पार’ नावाचे बारके, पट्टेदार मासे म्हणजे सामनचीच पिल्लं, आणि त्यांतले काही नर इतक्या लहान वयात मोठ्या मादीची अंडी फळवू शकतात. अशा पारने समुद्र पाहिलेला नसतो, तो तळहाताएवढासुद्धा नसतो. पोट दाबलं की पांढरं वीर्य येतं. त्याच्या रक्तात 11-कीटोटेस्टोस्टेरॉन चढलेलं असतं, त्याच्या वयाच्या अपक्व भावंडांपेक्षा कितीतरी अधिक. जनुक नराचं, वृषण पूर्ण पिकलेलं, संप्रेरक हजर. शिडीच्या तिन्ही पायऱ्या चढून झाल्या आहेत. जबड्याला आकडा मात्र नाही. तो मोठ्या नरांच्या भांडणात न पडता दगडांआडून निसटत मादीपाशी पोचतो. त्याला आकड्याचा काही उपयोग नाही, आणि त्याचा जबडा त्याच संप्रेरकात बुडालेला असूनही तो आकडा करत नाही. पूर्वपक्षाने या पारचं उत्तर द्यावं. ‘तो अजून लहान आहे’ हे उत्तर नव्हे, कारण लहान असूनही तो बाप होऊ शकतो, आणि लहानपणाचा फरक पडतो म्हणणं म्हणजे निर्णय हाडाच्या स्थितीवर सोडणं. तेच तर मी म्हणतो आहे.

उलट्या टोकाची गोष्ट फ्लोरिडात घडली. 1980 मध्ये हॉवेल, ब्लॅक आणि बोर्टोन यांनी एस्कँबिया परगण्यातल्या इलेव्हनमाइल क्रीक या ओढ्यातल्या गॅम्बुशियांबद्दल लिहिलं. कागद कारखान्याचं सांडपाणी येणाऱ्या त्या पाण्यात माद्यांना गोनोपोडियम आलेलं होतं. पोटात अंडाशय, परात नराची दांडी. पारमध्ये वृषण आहे आणि नराचं हाड नाही. या माद्यांत नराचं हाड आहे आणि वृषण नाही. शिडी दोन्ही बाजूंनी तुटते. ओढ्यातल्या माद्या संप्रेरकाची ताकद सिद्ध करतात, हे मी आनंदाने मान्य करतो. पण त्याच वेळी हेही सिद्ध करतात की ग्रंथीचं लिंग आणि हाडाचं लिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना जोडणारा दोर सुटा करता येतो.

‘हे सगळे अपवाद आहेत’ असं म्हणून सुटका करून घेणाऱ्यांना मी एवढंच विचारीन की गप्पी, मेडाका, स्वोर्डटेल, प्लॅटी, सामन, मुशी, अँगलर आणि सुलावेसीची मादी हे सगळे बाजूला काढल्यावर नियम उरतो कुणासाठी? माझं मंडन साधं आहे. माशाच्या सांगाड्याचा प्रत्येक तुकडा आपली जागा भ्रूणावस्थेतच ओळखतो, आणि ही ओळख नर-मादी दोघांच्या अंगी असते. त्या ओळखीत कोणत्या तुकड्याला संप्रेरक ऐकू येईल, कोणतं संप्रेरक, किती मात्रेला आणि कोणत्या वयात, याची तयारी जातीच्या इतिहासाने केलेली असते. संप्रेरक येतं तेव्हा ते सबंध शरीराला येतं, आणि सांगाडा त्याचं उत्तर तुकड्यातुकड्याने देतो: कुठे वाढून, कुठे थांबून, कुठे झिजून, कुठे अजिबात न देऊन. म्हणून ‘नराचा सांगाडा’ आणि ‘मादीचा सांगाडा’ असे दोन साचे नसतात. एकाच सांगाड्यातली प्रत्येक जागा आपापल्या परीने नर किंवा मादी होते, किंवा होत नाही.

परवा बशीत अर्ध्या वयाचा एक गप्पी आला. रंगवून, निवळवून ग्लिसरीनमध्ये ठेवला होता. नर होऊ घातलेला, पण अजून पुरता न झालेला. त्याच्या गुदपरातली तिसरी काडी बुडाशी जाड झाली होती, टोकाशी नवे सांधे पडत होते, अलिझारिनने ती गडद लाल झाली होती. चौथी आणि पाचवी तिच्यामागे लांबायला लागल्या होत्या. आकडे अजून फुटले नव्हते. सहावी काडी शेजारच्या बशीतल्या मादीच्या सहाव्या काडीशी ताडून पाहिली. तितकीच बारीक आणि तशीच सरळ, कसला फरक नाही. तिसरी आणि सहावी यांच्यात मिलिमीटरभरही अंतर नव्हतं, आणि मासा जिवंत होता तोवर दोघींना एकच रक्त मिळत होतं.